बऱ्याच वर्षांनी घरात पिल्लू येतंय, काय काय तयारी करू?

कृष्णाकाठची
नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितेय.

माहेरी वाईला आमच्या दारात कायम कुत्रा असायचा. शेवटचा खंड्या. तो गेला तेव्हा मी कॉलेजात होते, त्यानंतर आई-बाबांनी परत कुत्रा आणलाच नाही, मग मी लग्न होऊन पुण्यात आले आणि इथे तो विषयच कधी निघाला नाही. आता नवऱ्याच्या साइटवर, भोरच्या पुढे, वॉचमनच्या खोपटाशेजारी एका गावठी कुत्रीला पिल्लं झालीत. बाकीची आसपासच्या वस्तीवरचे लोक नेणार आहेत, त्यातलं एक मादी पिल्लू आहे पांढरं, एका कानावर तपकिरी डाग, ते नवरा गेला की त्याच्या बुटावर येऊन झोपतं. लेक चौथीत आहे, तिने फोटो बघितल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आणि मलाही ते पिल्लू हवंय, खूप हवंय.

आत्ता ती सहा आठवड्यांची आहे. आठ आठवड्यांची झाली की आणायची म्हणतोय, म्हणजे ऐन आषाढात, धो धो पावसात. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम, बाल्कनीला ग्रिल. सासूबाई सोबत असतात, त्यांचे गुडघे दुखतात, वॉकर नाही पण काठी लागते. त्या नाही म्हणत नाहीयेत पण घरात मांस-मच्छी शिजणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय आणि ते मला मान्य आहे, अंडं चालतं. मी घरूनच काम करते, आठवड्यातून एखादा दिवस ऑफिस.

खंड्याला आम्ही काय केलं होतं ते आठवून बघितलं तर, दूध-भाकरी, रात्री अंगणात मोकळा, वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन, एवढंच. त्यातलं आता इथे काय उपयोगाचं आहे? लसी कुठल्या, कधी? पावसात शू-शी कुठे करवायची? आणि लसी पूर्ण होईपर्यंत खाली अजिबात न्यायचं नाही असं एकजण म्हणाली, तर दुसरी म्हणाली की घरात कोंडलं तर कुत्रा भित्रा होतो. दोघींकडेही कुत्रे आहेत. मग खरं काय?

अजून एक. सोसायटीच्या कमिटीतले एक काका आत्तापासूनच म्हणतायत की आपल्याकडे कुत्र्यांना परवानगी नाही, मीटिंगमध्ये ठराव करू. हे असं करता येतं का?

गावठीच_भारी
अभिनंदन ताई! गावठी पिल्लू आणताय म्हणून जास्त आनंद झाला. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही रस्त्यावरच्या, दोन्ही फ्लॅटमध्ये मजेत राहतात.

पहिली गोष्ट म्हणजे आठ आठवडे थांबताय ते उत्तम, त्याच्या आत कुणी कितीही घाई केली तरी आणू नका. आई आणि भावंडांसोबत खेळताना किती जोरात चावलं की समोरचं ओरडतं हे पिल्लू तिथेच शिकतं. लवकर उचललेली पिल्लं मग आपल्या हातांचे लचके तोडत बसतात. ब्रीडरांनाही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे, ती काही उगाच नाही.

आता या दोन आठवड्यांत एक काम करा. एक जुना टॉवेल किंवा तुमची जुनी सुती साडी साहेबांबरोबर साइटवर पाठवा आणि ती पिल्लं झोपतात तिथे टाकून ठेवायला सांगा, न धुता. पिल्लू आणाल तेव्हा तीच घरी आणायची आणि तिच्या अंथरुणात घालायची. आईचा वास असला की पहिल्या रात्री खूप फरक पडतो. आणि पहिले काही दिवस तिला वेगळ्या खोलीत किंवा बाल्कनीत झोपवू नका, तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात किंवा क्रेटमध्ये झोपवा, रडली की हात खाली सोडून नुसता टेकवला तरी गप्प होते. "रडू दे, सवय होईल" असं बरेच लोक सांगतील, त्यांचं ऐकू नका. आयुष्यात पहिल्यांदा एकटं झालेलं ते बाळ असतं हो.

फरशीबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लांचे मागचे पाय फाकतात, वाढत्या सांध्यांना ते चांगलं नाही. ती जिथे जास्त वावरणार तिथे सतरंज्या, योगा मॅट, रबरी पायपुसणी जे असेल ते पसरून टाका. घर महिनाभर गोदाम दिसेल, दिसू दे.

ग्रिलच्या गजांतून तिचं डोकं जातंय का बघा, डोकं गेलं तर अंगही जातं. खालच्या दोन-अडीच फुटांना जाळी मारून घ्या ती यायच्या आधी. चार्जरच्या वायरी वर, डासांच्या मशीनचं रिफिल वर, उंदराचं औषध घरात कुठे टाकलं असेल तर ते पूर्ण काढून टाका.

पशुवैद्य_नाशिक
लसींचं मी सांगतो, मी छोट्या प्राण्यांचीच प्रॅक्टिस करतो. पण तुमच्या डॉक्टरांनी पिल्लू तपासून दिलेलं वेळापत्रक अंतिम समजा.

साधारण असं असतं. सहा ते आठ आठवड्यांत पहिला डोस, यात पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे दोन जीवघेणे विषाणूजन्य आजार मुख्य शत्रू. मग तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे वय झाल्यावर पडला पाहिजे. लोक विचारतात की तीच लस परत परत कशाला. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाचं रक्षण करते पण तीच लसीलाही काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून ठरावीक अंतराने देत राहायचं, म्हणजे ती ओसरल्यावरचा एक तरी डोस नीट लागू पडतो. शेवटचा डोस कंटाळा करून सोडून देणारे खूप जण आहेत आणि पार्वोची बरीच पिल्लं माझ्याकडे त्याच गटातून येतात. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, त्यानंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार) लस पावसाळ्यात विशेष महत्त्वाची, ती सेव्हन इन वन किंवा नाईन इन वन अशा एकत्रित लसीत असते, तरी विचारून घ्या.

जंताचं औषध लसीइतकंच महत्त्वाचं. साइटवरच्या पिल्लाच्या पोटात जंत असणारच असं धरून चला. पोट टम्म आणि बरगड्या दिसतायत असं असलं तर ते बाळसं नसतं, जंत असतात. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, मग तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो.

गोचीड. भोरच्या पिल्लावर पिसवा-गोचीड सापडतील. कृपा करून शेतीच्या दुकानातून गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध आणून लावू नका, गावाकडे सर्रास लावतात आणि लहान पिल्लं त्याने मरतात. पहिल्या भेटीत वजन करून डॉक्टर त्या वयाला चालणारं देतील.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खाली न्यायचं की नाही. तुमच्या दोन्ही मैत्रिणी अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे इतर कुत्रे फिरतात त्या जमिनीवर तिचे पाय टेकवायचे नाहीत, शेवटचा डोस होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत. पण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन जग स्वीकारायला मोकळं असतं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते पुढे आयुष्यभर ओळखीचं राहतं. म्हणजे लसी संपेपर्यंत घरात कोंडलं तर तो काळ हातचा जातो. यावर उपाय एकच, कडेवर घेऊन फिरवा. रोज. जिन्यात, गेटपाशी, भाजीवाल्यापाशी, रिक्षात. छत्रीवाला माणूस, रेनकोटवाला माणूस, हेल्मेटवाला, शाळेच्या बसमधून उतरणारी पोरं, कुकरची शिट्टी, मिक्सर. पाय जमिनीला नाही, बाकी सगळं बघू दे. लस पूर्ण असलेला, शांत स्वभावाचा ओळखीतला कुत्रा घरी आला तर उत्तमच.

आणि पुण्यात आहात म्हणून मुद्दाम, तुमचं पिल्लू गणपतीत साधारण चार महिन्यांचं असेल. ढोल पथकांचा सराव त्याच्या बराच आधी सुरू होतो. आत्तापासून जेवताना मोबाइलवर अगदी हळू आवाजात ढोल-ताशा लावा, ती खाणं थांबवून कान टवकारत असेल तर आवाज अजून कमी करा, काही फरक पडत नाही असं दिसलं की काही दिवसांनी किंचित वाढवा. फटाक्यांचंही तसंच, दिवाळीला ती साडेपाच-सहा महिन्यांची होईल. मिरवणुकीत मात्र नेऊ नका, कडेवरसुद्धा नाही.

मिरजेची_सून
आमच्याकडेही सासूबाई आहेत आणि पाळलेला कुत्रा आहे म्हणून त्या बाजूने लिहिते.

पिल्लू पायात येतं. सतत. म्हातारं माणूस पडण्याची भीती खरी आहे, नुसती म्हणून सोडून देऊ नका. आम्ही गळपट्ट्याला छोटं घुंगरू बांधलं, त्यामुळे कुठे आहे ते आईंना बघावं लागायचं नाही, ऐकू यायचं. आणि त्यांच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक लावलं. त्यांना पिल्लू हवं असेल तेव्हा त्या पलंगावर बसणार आणि आम्ही मांडीवर आणून देणार, हा नियम. आधी त्यांनी हातही लावला नव्हता. मग दुपारचं एक जेवण त्यांच्या हातून द्यायला सुरुवात केली, वाटीत घालून खुर्चीत बसून, आणि आता तो त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपतो. हे काम सासूबाईंना नक्की द्या, चालायची गरज नाही आणि पिल्लू त्यांचं होतं.

लेकीला एकच गोष्ट आधी शिकवा, झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही. पिल्लं दिवसात अठरा-वीस तास झोपतात आणि झोप झाली नाही की चिडून जास्त चावतात, अगदी माणसाच्या तान्ह्या बाळासारखं. चावणं हा पहिल्या सहा महिन्यांतला सगळ्यात मोठा वैताग आहे हे मनाशी धरून ठेवा. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा फ्रिजमधलं थंड गाजर, ओलं करून गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवलेलं फडकं असं चघळायला द्यायचं. तिने हात तोंडात धरला की ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच, हात सैल सोडून खेळ थांबवायचा आणि उठून जायचं.

जेवणाचं म्हणाल तर तुमच्या घरात मांसाहार नाही म्हणून अडायचं काही कारण नाही. पपी फूड म्हणून जे कोरडं मिळतं ते कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा, चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोनदा. सोबत उकडलेलं अंडं, थोडं दही, पनीर, उकडलेला लाल भोपळा. पण साइटवर ती जे खाते तेच पहिले दोन-तीन दिवस द्या आणि मग हळूहळू बदला, एकदम बदललं की जुलाब ठरलेले. गाईचं दूध बंद. दूध-भाकरीवर आपल्याकडे पिढ्या वाढल्या हे खरं, पण ते कुत्रे बाहेर उंदीर, घुशी, काय काय खाऊन यायचे, नुसत्या दूध-भाकरीवर नव्हते जगत.

आणि गणपतीतला प्रसाद! पंचखाद्यात बेदाणे असतात, शिऱ्यात असतात, पाहुणे प्रेमाने भरवतात. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्यांना विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट पण नाही, म्हणजे आपलं उरलेलं आमटी-भात आपोआप बाद. घरात येणाऱ्या प्रत्येकाला हे दारातच सांगायचं.

ठाणे_पूर्व
सोसायटीबद्दल. ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, बहुमताने केला तरी नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 मध्येच याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्याची प्रिंट काढून फाइलला ठेवा. लिफ्ट वापरू न देणं, त्यासाठी वेगळे पैसे मागणं हेही चालत नाही.

पण माझा सल्ला असा की तो कागद पहिल्याच दिवशी काकांच्या तोंडावर नेऊन आपटू नका. आपली बाजू आधी पक्की करा. महापालिकेचं लायसन्स काढा, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं म्हणजे तिसऱ्या महिन्यानंतर. सोसायटीच्या आवारात कायम पट्टा. शी उचलायला पिशवी कायम खिशात, पाऊस असला तरी उचलायचीच. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर "तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो" म्हणायचं. हे सगळं रोज दिसत राहिलं की ठराव मांडणाऱ्याला हात वर करणारं कुणी सापडत नाही. आमच्या इमारतीत तेच झालं. आणि घाबरणारा माणूस खरोखर घाबरत असतो हे मनापासून मान्य करा, त्याला कदाचित कधीतरी चावलेलं असतं.

गावठीच_भारी
शू-शीचं राहिलं होतं. पावसात आणि लसी व्हायच्यात तोवर बाल्कनीचा एक कोपरा ठरवा, वर्तमानपत्र किंवा पपी पॅड, पाऊस आत येत असेल तर बाथरूमचा कोपरा. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर, खेळ झाला की, या तीन वेळा तिला उचलून तिथे ठेवायचं आणि झालं की त्याच क्षणी कौतुक आणि दाणा. आत येऊन मग कौतुक केलं तर कशाचं ते तिला कळत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर दोन-तीन तास थांबता येतं, त्यामुळे रात्री एकदा उठावं लागेल, आळीपाळीने उठा. चुकून दुसरीकडे केलं तर गुपचूप पुसा. आपल्या लहानपणी नाक घासायचे आणि फटका द्यायचे ते अजिबात नको, त्यातून ती एवढंच शिकते की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे जाऊन करते. आणि पुसायला उग्र वासाचं फिनेल नको, वासाने आपल्याला स्वच्छ वाटतं पण तिला तिचा वास येतच राहतो. एन्झाइमवालं क्लीनर पेट शॉपमध्ये मिळतं ते वापरा.

हो आणि दोन पिल्लं आणा असं सुचवणार होतो, एकमेकांना सोबत होते. जागा असेल तर विचार करा.

पशुवैद्य_नाशिक
दोन पिल्लांना माझा विरोध आहे, निदान या घरात. एका वयाची दोन भावंडं एकमेकांत इतकी गुंततात की माणसाकडे लक्षच देत नाहीत, एक बाजूला नेली की दुसरी रडून घर डोक्यावर घेते, शिकवणं दुप्पट नाही चौपट अवघड होतं. त्यात घरात काठी घेऊन चालणारं माणूस आहे. एकच आणा. वर्ष-दीड वर्षानंतर वाटलं तर दुसऱ्या पिल्लाचा विचार.

पिल्लांच्या आईचाही विचार करा असं सुचवतो. पिल्लं गेली की काही महिन्यांत ती परत गाभण राहील आणि पुढच्या सगळ्या पिल्लांना घर मिळणार नाही. दूध आटल्यावर तिची नसबंदी आणि रेबीजची लस करून घेता आली तर बघा. शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, भोरहून लांब नाही, तिथे चौकशी करा. तुमच्या पिल्लाच्या नसबंदीचं वय साधारण सहा महिन्यांच्या पुढे, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

शेवटचं पण गंभीर. साइटवरची कुत्री आणि पिल्लं लस न दिलेली आहेत. साहेबांना खेळता खेळता पिल्लाचे दात लागून रक्त आलं असेल किंवा येईल तर "पिल्लूच तर आहे" म्हणून सोडायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. माणसांची रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वॉचमनलाही हे सांगा.

कृष्णाकाठची
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाहीये. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याच्या अंगठ्याला खरंच मागच्या आठवड्यात ओरखडा आलाय आणि थोडं रक्तही आलं होतं, तो आज संध्याकाळीच जातोय लस घ्यायला, वॉचमनदादांनाही फोन केला. पांढरी जुनी साडी उद्या साइटवर जाईल. जाळीवाल्याला शनिवारी बोलावलंय. सासूबाईंना दुपारच्या जेवणाचं विचारलं तर म्हणाल्या वाटी स्टीलची नको, खणखणते, जुनी जर्मलची आहे ती काढून देते. म्हणजे झालंच की!

आईच्या नसबंदीचं पण नक्की करणार, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकच पिल्लू, ठरलं.

आता एवढंच सांगा, भोरहून पुण्याला गाडीतून कसं आणायचं? दीड-दोन तास लागतात, पाऊस असेल, आणि ती आजपर्यंत कधी गाडीत बसलेली नाही.

मिरजेची_सून
सकाळी लवकर निघा, म्हणजे घर बघायला, हुंगायला तिला अख्खा दिवस मिळतो, रात्रीच्या आत थोडी रुळते. निघायच्या आधी दोन-तीन तास खायला देऊ नका, पाणी थोडं चालेल. दोघांनी जा, एकाने चालवायची आणि एकाने मागच्या सीटवर तिला घेऊन बसायचं, खाली ती साडी आणि त्याखाली जुने टॉवेल, लाळ गाळेल आणि उलटी होईलच असं धरून दोन टॉवेल जास्तीचे. कापूरहोळपर्यंत रस्ता वळणाचा आहे, तिथे हळू चालवा, हायवेला लागलात की बहुतेक झोपेल. मध्ये ढाब्यावर किंवा पंपावर शू करायला खाली सोडू नका, तिथे भटके कुत्रे फार असतात आणि तिची एकही लस झालेली नसणार. जवळचा दवाखाना वाटेत असेल तर थेट तिथे तपासून, वजन करून, जंताचं औषध विचारूनच घरी या, आधी फोन करून ठेवा म्हणजे आजारी कुत्र्यांच्या रांगेत बसावं लागणार नाही, आणि तिथेही मांडीवरच ठेवा.

आणि घरी आल्यावर दारात सगळ्यांनी गराडा घालू नका, लेकीला जमिनीवर बसवा आणि पिल्लाला स्वतःहून येऊ द्या. पहिल्यांदा बाल्कनीतल्या तिच्या कोपऱ्यात नेऊन उभी करा, शू झाली की मग बाकीचं घर.